भारतीय बालयकृत्काठिण्य

साधारण सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या पोरांचं लिव्हर कडक करत नेणारा आणि औषध वेळेत सुरू झालं नाही तर बहुतेक वेळा काही महिन्यांत जीव घेणारा आजार. जंतूंचा यात संबंध नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि तरी एकाच घरातली दोन-दोन पोरं यानं गेलेली आहेत. सगळ्यात जास्त दिसायचा तो दीड-दोन वर्षांच्या पोरांत. 'दिसायचा' असंच लिहायला लागतं, कारण १९९० च्या दशकात हा जवळपास गायबच झाला आणि आजच्या तरुण बालरोगतज्ज्ञांनी बहुधा तो फक्त पुस्तकात वाचलेला असतो.

नाव : डॉक्टरी पुस्तकांत इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस, थोडक्यात आयसीसी (आता आयसीसी म्हटलं की क्रिकेटच आठवतं, ते सोडा). काठिण्य म्हणजे कडकपणा, यकृत् म्हणजे लिव्हर. घरात मात्र एवढं कोण बोलतंय, "पोराचं लिव्हर वाढलंय" एवढंच. त्यामुळं जुन्या माणसांच्या आठवणीतलं प्रत्येक 'लिव्हर' हे हेच होतं असं धरून चालत नाही, त्यात साधी कावीळ, कुपोषण, जन्मतःचे पित्तनळीचे दोष असं सगळंच मिसळलेलं असणार. 'भारतीय' हा शब्दही अर्धाच खरा आहे, ते पुढं येईलच.

पहिली नोंद कुणाची हे ठरवताना बहुतेक लेखक कलकत्त्याच्या सेन यांचं १८८७ चं टिपण धरतात, त्यानंतर १८९० च्या सुमारास गिबन्स यांचं, तेही कलकत्त्याचंच. आजार तेव्हाच सुरू झाला की आधीपासून होता आणि तेव्हा फक्त कागदावर आला, यावर एकमत नाही. दुसरं मत जास्त पटतं, कारण पोट फुगून गेलेल्या पोराचं लिव्हर कापून बघणारं कुणी त्याआधी फारसं नव्हतंच. १९५५ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या उपसमितीनं यावर अहवाल काढला, म्हणजे तोवर हा देशभरचा प्रश्न झालेला होता.

लक्षणं : सुरुवात अगदी गुपचूप. पोर किरकिर करतं, खात नाही (एखादं उलट सारखं खा-खा करतं), बारीक ताप, आणि पोट मोठं दिसायला लागतं. आईला वाटतं जंत झाले असतील, गॅस असेल. डॉक्टरनं पोटावर हात ठेवला की उजव्या बरगडीखाली लिव्हरची कड लागते, घट्ट आणि पानाच्या कडेसारखी पातळ धारदार. जुने बालरोगतज्ज्ञ म्हणे या कडेवरूनच अर्धं निदान करायचे. पुढं प्लीहा वाढते, मग कावीळ, पोटात पाणी, पायावर सूज, रक्तस्राव, बेशुद्धी. कावीळ दिसेपर्यंत उशीर झालेला असतो हे यातलं सगळ्यात वाईट.

तांब्याचा वाद : या नोंदीतला खरा गुंता इथं आहे. १९७८ साली लंडनच्या काही डॉक्टरांनी (पोर्टमन, टॅनर, मोवॅट, विल्यम्स) या पोरांच्या लिव्हरच्या तुकड्यांना ऑर्सीन नावाचा रंग लावून बघितला तर पेशींत गडद तपकिरी कण दिसले, आणि हे कण म्हणजे तांबं धरून बसलेलं प्रथिन. पुढच्याच वर्षी टॅनर आणि इतरांनी तांबं मोजूनच दाखवलं. निरोगी लिव्हरमध्ये वाळलेल्या एका ग्रॅमला साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत तांबं असतं, विल्सनच्या आजारात (अंगात तांबं साठवणारा आनुवंशिक आजार) २५० च्या वर गेलं की शंका पक्की व्हायला लागते, आणि या पोरांत ८०० पासून काही हजारांपर्यंत. एवढं तांबं एवढ्याशा लिव्हरमध्ये आलं कुठून?

इथं पुण्याचं केईएम रुग्णालय येतं. आनंद पंडित, शीला भावे आणि त्यांचे सहकारी, सोबत इंग्लंडचे स्टुअर्ट टॅनर, यांनी १९८० च्या दशकात घराघरातल्या भांड्यांची चौकशी केली. १९८३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आणि १९८७ साली तुलनात्मक अभ्यासात त्यांनी मांडलं ते असं, की आजारी पोरांना आईच्या दुधावरून लवकर हलवून गाई-म्हशीचं दूध चालू केलेलं होतं आणि ते दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं होतं, आणि त्याच वयाच्या निरोगी पोरांच्या घरात हे प्रमाण बरंच कमी होतं.

कोल्हापूरच्या वाचकाला हे पटकन कळेल, कारण दूध आणि भांडी हे दोन्ही विषय इथं घरचेच. ज्या गावात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळून ग्लास हातात देतात आणि तालमीतला पोरगा उभ्या-उभ्या तो रिचवतो, तिथं दुधावर संशय घ्यायचा म्हणजे जरा धाडसच. पण दोष दुधाचा नाहीच. गाई-म्हशीच्या दुधात मुळात तांबं फार कमी असतं, आईच्या दुधापेक्षाही कमी. कट्ट्यावरचं दूध पिळलं की लगेच पोटात जातं, भांड्यात बसून राहत नाही. गडबड होते ती कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात दूध मंद आचेवर तासन्‌तास ठेवलं की. ओनील आणि टॅनर यांनी १९८९ साली दाखवलं की पितळेतून सुटलेलं तांबं दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनाला चिकटून बसतं, म्हणजे दूध ते अक्षरशः ओढून घेतं, आणि बाळाच्या पोटात केसीन पचलं की तिथं मोकळं होतं. रंग बदलत नाही, वास येत नाही. आंबट आमटी किंवा ताक अशा भांड्यात ठेवलं तर कळकतं, हिरवट होतं, तोंडात घेतल्यावर कळतं, म्हणून आपल्या आज्यांना आंबटाचा नियम पक्का माहीत होता. दूध कळकलेलं जिभेला कळत नाही, म्हणून त्याचा नियम तेवढा कडक कधी झालाच नाही.

कल्हई म्हणजे काय हे आता सांगायला लागतं. भांडं भात्यावर तापवायचं, नवसागर टाकायचा, कथलाचा तुकडा फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्यानं आतून पुसून घ्यायचं, की चांदीसारखा थर बसतो. हा कथलाचा थर शाबूत आहे तोवर तांबं दुधात उतरत नाही म्हटलं तरी चालेल. घासून-घासून तो झिजतो, म्हणून कल्हईवाला ठरावीक महिन्यांनी दारात यायलाच पाहिजे, आणि तो न येणं किंवा पैसे वाचवायला त्याला न बोलावणं हा या आजाराच्या इतिहासातला न लिहिलेला भाग असावा असं वाटतं. बाळाला दूध पाजायचं बोंडलं कुठल्या धातूचं होतं हाही प्रश्न तेवढाच महत्त्वाचा, चांदीचं असेल तर ठीक, पितळेचं असेल तर मग बघायला पाहिजे.

बाळाचंच लिव्हर का बिघडतं, मोठ्याचं का नाही, याला उत्तर बऱ्यापैकी आहे. तांबं शरीराबाहेर जातं ते पित्तातून, म्हणजे लिव्हर ते पित्तात टाकतं, पित्त आतड्यात आणि तिथून बाहेर. नवजात बाळाच्या लिव्हरमध्ये जन्मतःच तांब्याचा मोठा साठा असतो आणि पित्तातून बाहेर टाकायची यंत्रणा अजून कच्ची असते. येणं जास्त, जाणं कमी, मग साठणारच.

तरी सगळे मान्य करत नाहीत. पितळी भांड्यातलं दूध लाखो पोरं प्यायली आणि आजारी पडली ती मूठभर. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या, नळाच्या पाण्यात तांबं जास्त असलेल्या तीन गावांचा हिशोब १९९४ साली मांडला गेला तर तिथं लहान पोरांत अशा लिव्हरच्या आजारानं एकही मृत्यू नव्हता. एन. सी. नायक आणि ए. आर. चितळे यांनी तर २०१३ साली सगळा पुरावा पुन्हा तपासून तांब्याला मूळ कारण मानायला नकार दिला.

दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रियातल्या तिरोल भागाचं उदाहरण आहे, १९९६ साली म्युलर आणि सहकाऱ्यांनी छापलेलं. तिथं १९०० ते १९७४ या काळात १३८ पोरं हुबेहूब अशाच आजारानं गेली. दूध तांब्याच्या, बिनकल्हईच्या भांड्यात उकळायची पद्धत होती, भांडी बदलली आणि आजार संपला. पण तो ठरावीक कुटुंबांतच फिरत होता, म्हणजे तांबं अधिक आनुवंशिक कमजोरी असं दुहेरी कारण. सध्या बहुतेकांचा कल या दुहेरी कारणाकडं आहे आणि ते जास्त सयुक्तिकही वाटतं, एकाच घरात दोन पोरं का गेली आणि शेजारच्या घरात त्याच भांड्यातून पिऊन काही का झालं नाही हे दोन्ही त्यातून सुटतं. फक्त तो जनुक कुठला ते सापडलेलं नाही. विल्सनच्या आजाराचा जनुक (१९९३ साली सापडलेला) यात दोषी नाही, आणि बेडलिंग्टन टेरियर जातीच्या कुत्र्यांत तांबं साठवणारा जो जनुक २००२ साली सापडला तोही पुढं तपासून झाला, त्यातही काही मिळालं नाही.

निदान : रक्ताच्या तपासण्यांवरून एवढंच कळतं की लिव्हर बिघडलंय. खरा निकाल सुईनं काढलेल्या लिव्हरच्या तुकड्यावर, आणि त्याआधी रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघावंच लागतं, नाहीतर सुई टोचल्यावर रक्त थांबायचं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली फुगलेल्या पेशी, एकेका पेशीभोवती विणलेले तंतू, अगदी बारीक गाठी, आणि मॅलरी हायलिन नावाचे गुलाबी पुंजके. हे पुंजके एरवी बघायला मिळतात ते वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्याच्या लिव्हरमध्ये. फक्त दूध प्यायलेल्या दीड वर्षाच्या पोराच्या लिव्हरमध्ये दारुड्याचं चित्र दिसावं, यानं जुने पॅथॉलॉजिस्ट चक्रावले नसते तरच नवल. मग ऑर्सीनचा रंग आणि तांब्याचं मोजमाप.

वेगळं काढायचं ते मुख्यतः विल्सनच्या आजारापासून. त्यात रक्तातलं सेरुलोप्लाझमिन (तांबं धरून ठेवणारं प्रथिन) कमी असतं, यात नेहमीएवढं किंवा जास्तच. विल्सन तीन वर्षांच्या आत लिव्हर बिघडवताना क्वचितच दिसतो, आणि डोळ्याच्या बुबुळाभोवतीचं तपकिरी कडं या पोरांत नसतं. अगदी तान्ह्या बाळाची कावीळ दोन आठवड्यांपुढं राहिली आणि शी पांढरट, मातकट यायला लागली तर मात्र आधी पित्तनळी बंद आहे का ते बघायचं. तिथं वेळेला फार किंमत आहे, कासाई यांनी १९५९ साली मांडलेलं ऑपरेशन साधारण साठ दिवसांच्या आत झालं तर त्याचा उपयोग जास्त. "बाळकावीळ आहे, उन्हात धरा" म्हणत घरात महिना घालवणं इथं महागात पडतं.

उपचार : डी-पेनिसिलामाइन. पेनिसिलिनशी नातं आहे पण हे जंतूंवरचं औषध नव्हे, तांब्याला धरून लघवीतून बाहेर काढतं. विल्सनच्या आजारात ते १९५६ साली वॉल्श यांनी आणलं, या पोरांत पुण्याच्या गटानं वापरून बघितलं, रोज किलोमागं २० मिलिग्रॅम या हिशोबानं, रिकाम्या पोटी. अंगावर पुरळ, प्लेटलेट कमी होणं, लघवीतून प्रथिन जाणं असे त्रास होतात म्हणून रक्त-लघवी सारखी तपासायला लागते. कावीळ आणि पोटात पाणी व्हायच्या आधी सुरू केलं तर फायदा, नंतर फारसा नाही. १९९६ साली छापलेल्या पाठपुराव्यात औषधावर पाच वर्षं किंवा जास्त जगलेल्या २९ मुलांची नोंद आहे, आणि यातल्या काहींचं लिव्हर पुन्हा तपासल्यावर बरंच सुधारलेलं दिसलं. काठिण्य एकदा झालं की मागं फिरत नाही असं तोवर सगळेच धरून चालले होते, म्हणून या नोंदीला आकड्यापेक्षा जास्त वजन आहे. स्टेरॉइडचे प्रयोग झाले, पण औषध म्हणून टिकलं ते पेनिसिलामाइनच.

सद्यस्थिती : स्टीलची पातेली आली, पुण्याच्या डॉक्टरांनी पितळेत दूध ठेवू नका म्हणून प्रचार केला, आणि आजार ओसरला. यातलं श्रेय स्टीलला किती आणि प्रचाराला किती हे वेगळं काढणं अवघड, पण स्टीलचा वाटा मोठा असावा. कोल्हापुरात आज पोराच्या लिव्हरवर सूज म्हणून जे येतात त्यात जाड पोरांचं फॅटी लिव्हर, विल्सन, पित्तनळीचे दोष हेच बघायचं असतं, आणि लिव्हर बदलायची वेळ आली तर लोक पुण्या-मुंबईची वाट धरतात.

एवढ्यात तांब्याची भांडी परत आलीत, बाटल्या, जग, आणि लोक विचारतात की पाण्याचं काय. पाण्यात केसीन नाही, आणि मोठ्या माणसाचं लिव्हर जादा तांबं पित्तातून टाकू शकतं, त्यामुळं रात्रभर ठेवलेलं पाणी मोठ्यांनी प्यायला हरकत दिसत नाही, विल्सनचा पेशंट सोडून. लिंबू सरबत, ताक त्यात भरू नये, कळकतं. आणि तान्ह्या बाळाचं दूध तापवायला आजीनं माळ्यावरचं पितळी पातेलं हौसेनं काढलंच असेल, तर आधी आतून कल्हई बघायची, आणि कल्हईवाला काही आता सहज सापडत नाही, तेव्हा सरळ स्टीलचंच घ्यायचं.