एका शिपायामागे आठ जनावरं

न्यू स्पेनच्या, म्हणजे आजच्या मेक्सिकोच्या उत्तर सीमेवर अपाची या तिथल्या आदिवासी टोळ्यांना थोपवायला स्पेननं १७७२च्या नियमावलीनुसार पंधरा ठाण्यांची रांग आखली. ठाण्याला म्हणत प्रेसिडियो. दोन ठाण्यांत साधारण ४० लीग, म्हणजे दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर. मातीच्या कच्च्या विटांचा चौकोनी तट आणि शक्यतो समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर बुरूज. एका बुरुजावरून दोन भिंतींच्या बाहेरच्या बाजूवर गोळी टाकता येते, म्हणून दोनांवर चारही भिंती भागतात.

शिपायाचा अंगरखा हरणाच्या कातड्याचे सहा-सात थर एकत्र शिवून केलेला, बिनबाह्यांचा. त्याला ‘कुएरा’ म्हणत. तीर त्यात अडकायचा. पण वजन आठ-दहा किलो आणि हवा सोनोराच्या तापत्या वाळवंटाची! त्यावर भाला, रुंद तलवार, बैलाच्या कातड्याची ढाल, चकमकीची बंदूक आणि दोन पिस्तुलं. वर्षाकाठी बंदुकीची दारू मिळायची जेमतेम तीन पौंड. एवढ्यात नेमबाजीचा सराव कसला होणार?

खरी मेख घोड्यांत होती. नियमानं प्रत्येकाजवळ सहा घोडे, एक शिंगरू आणि एक खेचर हवं, आणि एक घोडा रात्रंदिवस खोगीर चढवून बांधलेला. आपल्याकडच्या शिलेदारासारखी ही जनावरं शिपायाच्याच गाठीला; वर्षाच्या पगाराचे २९० पेसो त्यातच झिजत. इतकी जनावरं कशाला? घोडे नुसत्या गवतावर पोसलेले. दाण्याविना, असं ओझं घेऊन दौडलेल्या घोड्याला पुढचे काही दिवस चरू द्यावंच लागे, म्हणून आलटूनपालटून स्वारी.

आता चाळीस शिपायांचा हिशेब मांडा: ३२० जनावरं. तटाजवळचं गवत बघता बघता संपतं, कळप लांब न्यावा लागतो आणि त्याच्या राखणीत ठाण्याचे बरेच हात अडकतात. अपाची नेमके तिथेच घाला घालत. कळप उधळला की पाठलाग करायला घोडाच उरत नसे. ज्या घोड्यांच्या जोरावर गस्त चालायची, त्यांनाच सांभाळण्यात माणसं खर्ची पडत.

अपाची डोंगरात शिरले की कुएरावाला पायी चढायला निकामी. म्हणून १७७०च्या दशकाच्या अखेरीस सेनापती तेओदोरो दे क्रोइक्सनं कातडी अंगरखा आणि ढाल नसलेल्या हलक्या तुकड्या उभ्या केल्या. कुएरा मात्र लगेच गेला नाही. १८०४च्या एका चित्रातला शिपाई तो घालूनच उभा आहे, फक्त आता तो कमरेपर्यंत आखडलेला.