चार किलोमीटर काचेतून फिरणारा ठोका

रडारच्या दिशेने कोणी सावकाश चालत येत असेल, तर 10 गिगाहर्ट्झची लहर त्याच्या अंगावरून परतताना जेमतेम 100 हर्ट्झने बदललेली असते. दहा कोटींत एक, इतकाच फरक. पाठवलेली लहरच डगमगत असेल, तर हा फरक तिच्या गोंगाटात बुडून जातो. या डगमगीला ‘फेज नॉइज’ म्हणतात.

अशी न डगमगणारी लहर तयार करण्याची नेहमीची वाट क्वार्ट्झची. 10 मेगाहर्ट्झच्या आसपास हा स्फटिक फार नेमका कंपतो. पण 10 गिगाहर्ट्झ गाठायचे तर ती वारंवारता हजारपट करावी लागते, आणि त्यात मूळ संदेशाच्या तुलनेत नॉइजची शक्ती दहा लाख पटींनी वाढते.

1990च्या दशकात अमेरिकेतल्या नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत स्टीव्ह याओ आणि ल्यूट मालेकी यांनी वेगळी वाट काढली: ‘ऑप्टोइलेक्ट्रॉनिक ऑसिलेटर’, म्हणजे प्रकाश आणि वीज मिळून लहर तयार करणारी यंत्रणा. माईक स्पीकरसमोर धरला की कर्कश शिट्टी वाजते ना, तत्त्व तेच: आवाज फिरून पुन्हा स्वतःलाच येऊन मिळतो. इथे लेसरचा प्रकाश मॉड्युलेटरमधून जाताना मायक्रोवेव्हच्या तालावर कमी-जास्त होतो, लांबलचक ऑप्टिकल फायबरमधून, म्हणजे काचेच्या बारीक तंतूतून, धावतो, फोटोडिटेक्टर त्याची पुन्हा वीज करतो, आणि ती अँप्लिफायर व फिल्टरमधून परत मॉड्युलेटरकडे जाते. चक्र एकदा पकडले की थांबत नाही.

सगळी करामत फायबरच्या लांबीत आहे. 4 किलोमीटर फायबर ओलांडायला प्रकाशाला सुमारे 20 मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात 10 गिगाहर्ट्झच्या दोन लाख लाटा फायबरमध्ये रांगेत उभ्या असतात. वारंवारता किंचित ढळली, दोन लाखांत अर्ध्या लाटेचा फरक पडला, की फेरी संपवून आलेली लाट नव्या लाटेच्या नेमकी उलट पडते आणि मरते. तग धरते ती काटेकोर जुळणारीच. तत्त्वतः हा विलंब दुप्पट केला तर नॉइज चौथ्या हिश्शावर येतो. तांब्याच्या केबलला हे जमत नाही, कारण तिच्यात इतक्या अंतरावर संदेशाचा मागमूसही उरत नाही. काचेत मात्र एका किलोमीटरनंतर सुमारे 95 टक्के प्रकाश शिल्लक असतो.

पण लांब फायबरमध्ये जुळणाऱ्या वारंवारताही पुष्कळ होतात, इथे तर दर 50 किलोहर्ट्झला एक. इतकी अरुंद फट ठेवणारा फिल्टर मायक्रोवेव्हमध्ये बनवणे फार कठीण. त्यावरचा उपाय मला फार देखणा वाटतो: वेगळ्या लांबीचा दुसरा फायबर सोबत जोडायचा. दोन्हींत एकाच वेळी बसेल तीच वारंवारता टिकते, बाकीच्या आपोआप दबतात.

तापमानाशी झगडा मात्र संपत नाही. फायबर एका अंशाने तापला तरी 10 गिगाहर्ट्झचा ठोका सुमारे 70 किलोहर्ट्झने सरकतो, म्हणून त्याचे रीळ स्थिर तापमानाच्या पेटीत ठेवतात. आता काही ठिकाणी रिळाऐवजी मॅग्नेशियम फ्लोराइडची काही मिलिमीटरची गुळगुळीत चकती वापरतात. प्रकाश तिच्या कडेकडेने हजारो फेऱ्या मारतो आणि लांबलचक प्रवास त्या चकतीतच करतो.