ट्रामच्या आधी अलिबागला गेलेला चुंबक

मे 2024 च्या 10 आणि 11 तारखांच्या मधल्या रात्री लडाखमधल्या हानले इथे क्षितिजावर लाल उजेड दिसला. एरवी नॉर्वे-आइसलँडकडे दिसणारा ध्रुवीय प्रकाश आपल्या देशातून टिपला गेला होता. फोटो पाहून मी हरखून गेलो. पण त्याच दोन दिवसांत आमच्या घरच्या ग्रुपवर एक जुनाच निरोप पुन्हा आला: रात्री साडेबारा ते साडेतीन पृथ्वीजवळून ‘कॉस्मिक किरण’ जाणार आहेत, मोबाइल बंद करून अंगापासून लांब ठेवा. माझ्या मावशीने खरोखर फोन बंद केला आणि स्वयंपाकघरात फ्रीजवर नेऊन ठेवला.

मावशीला मी जे आकडे सांगितले, तेच इथे सांगतो. मुंबईच्या आसपास पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा, उत्तरेकडे ओढणारा भाग सुमारे 38 हजार नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) आहे. हानलेचा तो उजेड ज्यामुळे दिसला, त्या सूर्यामुळे उठलेल्या मे 2024 च्या चुंबकीय वादळात विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांच्या प्रदेशांत तो साधारण 400 ने उतरला, म्हणजे एक टक्का. फ्रीजच्या दारावर तिने यात्रेहून आणलेलं जे चुंबकाचं चित्र चिकटवलं आहे, त्याच्या अगदी लगतचं क्षेत्र काही दशलक्ष नॅनोटेस्ला असतं. चुंबकाने माणसाला बाधायचं असतं तर ते चित्र वादळाच्या हजारो पट बाधलं असतं. वादळाचा त्रास होतो तो उपग्रहांना, रेडिओ संदेशांना आणि शेकडो किलोमीटर पसरलेल्या वीजवाहिन्यांना, कारण बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे लांब तारांमध्ये प्रवाह निर्माण होतो. 13 मार्च 1989 ला कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात असाच सुमारे 60 लाख लोकांचा वीजपुरवठा बंद पडला आणि तो पूर्ववत व्हायला नऊ तास लागले.

हा एक टक्का मोजायचा कसा, आणि मोजून त्यातून आकाशात काय चाललंय ते ओळखायचं कसं, याचं मोठं काम मुंबईत झालं आहे. ते ज्यांनी केलं त्या नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांचं नाव आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये बांधली, ती जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. चुंबकीय नोंदी 1841 मध्ये सुरू झाल्या. टिळकांना गणित शिकवणारे केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी याच वेधशाळेत कामाला होते. तिथला आडवा घटक मोजण्याचा प्रकार मला फार आवडतो. चुंबकाची कांडी दोन समांतर धाग्यांवर आडवी टांगायची. मग वरचा आधार फिरवत न्यायचा, कांडी उत्तर-दक्षिण सोडून पूर्व-पश्चिम येईपर्यंत. आता धाग्यांचा पीळ तिला एकीकडे ओढतो आणि पृथ्वी दुसरीकडे. दोघांची बरोबरी असेल तोवर कांडी स्थिर. पृथ्वीची ओढ कणभर कमी झाली की पीळ वरचढ ठरतो आणि कांडी वळते. हे वळणं नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून अंतरावर दुर्बीण ठेवून पट्टीवरचे आकडे वाचायचे. निरीक्षकाच्या खिशात लोखंडी किल्लीसुद्धा चालत नाही.

1 सप्टेंबर 1859 ला इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यडागांच्या गटात अचानक पांढरी झळाळी दिसली. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ येऊन थडकलं. अमेरिकेत तारयंत्रवाल्यांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या तरी तारांमधून संदेश जात राहिले. वादळ येऊन थडकलं तेव्हा मुंबईत 2 तारखेचा दिवस वर आला होता. एरवी तासातासाने होणारं वाचन कुलाब्याच्या निरीक्षकांनी थोड्या थोड्या मिनिटांवर आणलं आणि पडणारे आकडे उतरवून घेतले. घसरण होती सुमारे 1600 नॅनोटेस्ला. 2003 मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदी जगापुढे मांडल्या, तेव्हा 1859 चं वादळ किती मोठं होतं याला पहिल्यांदा ठोस आकडा मिळाला.

मूस यांचा जन्म याच वादळानंतर दोन महिन्यांनी, ऑक्टोबर 1859 मध्ये मुंबईतला. सूर्याचा अभ्यास करणारं भारताचं यान आदित्य एल-1 सुद्धा 2 सप्टेंबरलाच उडालं. असल्या तारखा जुळवून त्यात संकेत शोधणाऱ्यांना माझी विनंती आहे की तसं करू नका. वर्षाला दिवस 365 आणि घटना असंख्य, काही ना काही जुळणारच. मूस पुण्यात आणि एडिंबरोला शिकले, एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी पदार्थविज्ञान शिकवलं, आणि 1896 मध्ये कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्याच वर्षी मुंबईत प्लेगची साथ आली. शहर रिकामं होत होतं आणि वेधशाळेच्या नोंदी चालूच होत्या.

1846 ते 1905 अशा साठ वर्षांच्या नोंदी मूस यांनी हाती घेतल्या आणि 1910 मध्ये दोन जाडजूड खंड काढले. त्यांची युक्ती ऐकायला साधी आहे. वादळं कधी पहाटे सुरू होतात, कधी दुपारी. घड्याळाच्या तासांप्रमाणे सरासरी काढली तर एकाची चढण दुसऱ्याच्या उतारात जिरून जाते. मूस यांनी प्रत्येक वादळाचा पहिला क्षण शून्य धरला, तिथून तास मोजले आणि वादळं एकावर एक रचली. मग एकच आकृती वर आली: आधी आडवा घटक किंचित वाढतो, मग काही तास खाली खाली जातो, आणि पुढचे दोन-तीन दिवस हळूहळू सावरतो. पुढे ब्रिटिश शास्त्रज्ञ सिडनी चॅपमन यांनी हीच वाट अनेक देशांच्या वेधशाळांसाठी वापरली. आज वादळाची तीव्रता सांगायला जो निर्देशांक वापरतात, त्याचं मूळ इथे आहे.

पण तो उतार येतो कुठून? इथे जरा सावकाश चला. सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताबरोबर त्याचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्रही येतं. ते दक्षिणेकडे वळलेलं असेल तर पृथ्वीच्या उत्तरमुखी क्षेत्ररेषांशी जोडलं जातं आणि झोताची ऊर्जा आत शिरते. पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूने कण आत ढकलले जातात आणि वीस-तीस हजार किलोमीटर उंचीवर अडकतात. चुंबकीय क्षेत्रात भारित कण गोल गोल फिरतो. क्षेत्र जोरदार तिथे त्याचं वळण लहान, क्षीण तिथे मोठं. पृथ्वीकडची बाजू जोरदार, बाहेरची क्षीण. म्हणून अर्धं वर्तुळ लहान आणि अर्धं मोठं पडतं, फेरा जिथून सुरू झाला तिथे पुरा होत नाही. भरतकामातला साखळी टाका आठवा: प्रत्येक फास मागच्या फासाच्या थोडा पुढे पडतो आणि रांग सरकत जाते. धनभारित कणांची रांग पश्चिमेकडे सरकते, ऋणभारितांची पूर्वेकडे. विरुद्ध भार विरुद्ध दिशेने गेले की विद्युतप्रवाह मात्र एकाच दिशेचा होतो, इथे पश्चिमेचा. पृथ्वीभोवती असं काही दशलक्ष अँपिअरचं कडं तयार होतं. पश्चिमेकडे वाहणाऱ्या या कड्याच्या आत चुंबकीय क्षेत्र दक्षिणमुखी असतं. कुलाब्याच्या कांडीला उत्तरेकडे ओढणारं बळ तेवढ्याने घटतं, पीळ वरचढ ठरतो, पट्टीवरचा आकडा पडतो.

या कड्याला वलय प्रवाह म्हणतात. उपग्रहांनी त्यातले कण तपासले तेव्हा एक गोष्ट कळली जी मला अजून थक्क करते. मोठ्या वादळात या कड्यात सूर्याकडून आलेल्या कणांबरोबर ऑक्सिजनचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, मोठ्या प्रमाणात असतात, आणि ते आपल्याच वातावरणाच्या वरच्या थरातून उपसले गेलेले असतात. पृथ्वीचाच ऑक्सिजन वर जाऊन पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कमी करतो. नंतर हे आयन बाहेरच्या विरळ हायड्रोजनकडून इलेक्ट्रॉन घेतात, भाररहित होऊन निसटतात, आणि कडं विझत जातं. मूस यांच्या आकृतीतला सावकाश सावरणारा भाग तो हा. 1859 ची घसरण मात्र काही तासांतच बरीचशी भरून आली होती. म्हणून ती पूर्णपणे वलय प्रवाहाची होती, की एरवी ध्रुवांजवळ, ध्रुवीय प्रकाशाबरोबर वाहणारे विद्युतप्रवाह त्या दिवशी विषुववृत्ताच्या दिशेने फार खाली उतरले होते, यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे.

वादळ नसेल त्या दिवशीही कांडी स्वस्थ नसते. दुपारच्या सुमाराला मुंबईत आडवा घटक 30-40 नॅनोटेस्ला वाढतो. सुमारे 110 किलोमीटरवर, आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरात, उन्हाने तापलेली हवा वाहते आणि पृथ्वीच्या क्षेत्रातून जाताना डायनॅमोसारखी वीज निर्माण करते. रेडिओ लहरींनी आयनांबराचा ठाव 1924 मध्ये लागला, त्याच्या कितीतरी आधी त्याची सावली कुलाब्याच्या वहीत रोज पडत होती.

आणि मग मुंबईत विजेवरच्या ट्रामची योजना आली. ट्रामचा प्रवाह रुळांतून परतताना जमिनीत झिरपतो आणि आसपासच्या चुंबकाला हलवतो. मूस यांनी गाड्या धावायची वाट पाहिली नाही. खाडीपलीकडे, सुमारे तीस किलोमीटरवर अलिबागची जागा निवडली. इमारतीसाठी पोरबंदरचा चुंबकत्व नसलेला दगड आणला, खिळे-बिजागऱ्या तांब्या-पितळेच्या लावल्या. एप्रिल 1904 मध्ये अलिबागच्या नोंदी सुरू झाल्या, तरी कुलाबा लगेच बंद केलं नाही. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालली. दोन जागांच्या खडकांमुळे आकड्यांत नेमका किती फरक पडतो, हे त्यांना हवं होतं. पहिली विजेची ट्राम 7 मे 1907 ला धावली, तेव्हा कुलाब्याचं काम संपवून झालेलं होतं.

मूस 1919 मध्ये निवृत्त झाले. अलिबागची वेधशाळा 1971 पासून भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. समुद्रकिनाऱ्याकडे जाताना आपण तिच्या कुंपणावरून पुढे निघून जातो. पृथ्वीच्या गाभ्यात चाललेल्या हालचालींमुळे चुंबकीय क्षेत्र वर्षानुवर्षं संथपणे बदलतं. तो बदल 1846 पासून आजपर्यंत या किनाऱ्यावर एकाच रेघेत काढायचा असेल, तर कुलाब्याचे आकडे अलिबागच्या आकड्यांना जोडावे लागतात. त्यासाठी लागणारा फरक 1904 ते 1906 या दोन वर्षांच्या वह्यांतून मिळतो.