भाकरीच्या कडेचं गणित

सोलापुरात शेंगाचटणी आणि कडक भाकरी घरोघरी असते. परवा माझ्या ताटात आलेली भाकरी जरा लांबट थापली गेली होती. एकीकडून २० सेंटिमीटर, दुसरीकडून १६. जवळपास लंबवर्तुळच. तिचं क्षेत्रफळ तोंडी निघतं: दोन्ही मापांचे अर्धे, म्हणजे १० गुणिले ८, गुणिले पाय (π), साधारण २५१ चौरस सेंटिमीटर. पण परीघ? त्याचं असं सुटसुटीत सूत्रच नाही.

कुणाला सापडलं नाही, असं नव्हे. ते असूच शकत नाही. कडेचे बारीक तुकडे जोडत गेलं की एक संकलन, म्हणजे इंटिग्रेशन, उभं राहतं. घात, मुळं, साईन, लॉग या ओळखीच्या फलांत अशी काही संकलनं मावतच नाहीत, हे फ्रेंच गणिती जोसेफ लिऊव्हिल यांनी १८३०च्या दशकात दाखवून दिलं. संख्याशास्त्रातल्या घंटेसारख्या वक्राखालच्या क्षेत्रफळाचीही हीच गत.

बारावीची मुलं इथे हिरमुसतात, ‘सुटत नाही’ म्हणून वही मिटतात. मला ते फार लागतं. कारण ज्या लॉगवर आपण इतका विश्वास टाकतो, तो तरी काय आहे? घातांच्या संकलनाचा नियम १/क्ष पाशी येऊन अडतो, आणि त्या आलेखाखालच्या क्षेत्रफळालाच आपण लॉग म्हणतो. नाव मिळालं, कोष्टकं झाली, कॅल्क्युलेटरवर बटण आलं, म्हणून ते ओळखीचं वाटतं.

आणि उत्तर तर हाताशीच असतं. आपल्या भाकरीसाठी ज्या राशीचं संकलन करायचं ती अशी: १०० गुणिले साईनचा वर्ग अधिक ६४ गुणिले कोसाईनचा वर्ग, या बेरजेचं वर्गमूळ. तिच्या ०, ४५ आणि ९० अंशांवर तीन किमती काढायच्या: ८, ८२चं वर्गमूळ म्हणजे ९.०५५४, आणि १०. टोकाच्या दोन्ही निम्म्या घ्यायच्या, मधली पूर्ण. ४ अधिक ९.०५५४ अधिक ५, म्हणजे १८.०५५४. याला पायने गुणलं की परीघ ५६.७२२७ सेंटिमीटर. खरी किंमत ५६.७२३३. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी! कड पूर्ण फेरी मारून मूळ जागी येते, त्यामुळे इथल्या चुका जवळजवळ सगळ्या एकमेकींना खोडून काढतात. रामानुजन यांनी १९१४ साली दिलेलं अंदाजी सूत्रही ५६.७२३३च देतं.

घरातलं सूत घेऊन भाकरीच्या कडेनं फिरवलं आणि पट्टीवर ताणून धरलं. छप्पन्नच्या पुढे, सत्तावन्नच्या आत.