वरचे अन्न (खानदेशातील बालआहार)

वरचे अन्न म्हणजे सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला आईच्या दुधाच्या जोडीने दिला जाणारा मऊ, घट्टसर आहार. वैद्यकीय लिखाणात त्याला पूरक आहार म्हणतात. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे आणि नाशिक जिल्ह्यातला मालेगाव-बागलाणचा पट्टा एवढ्या मुलखात, बाळाला लागणारे जवळपास सगळे जिन्नस घरातच असतात: ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, शेंगदाणा, गंगाफळ (लाल भोपळा), केळी. त्यामुळे इथे प्रश्न पदार्थाचा कमी आणि वाटीत पडणाऱ्या घासाचा जास्त आहे. बाळाला दिले जाणारे अन्न बहुतेक वेळा फार पातळ असते आणि फार थोडे असते.

सहा महिन्यांची मर्यादा शरीराच्या हिशेबातून आली आहे. जन्मताना बाळाच्या अंगात असलेला लोहाचा साठा या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह अगदी थोडे असते. ऊर्जेचेही तसेच. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसाला साधारण ६०० किलोकॅलरी लागतात. त्यातल्या ४०० च्या आसपास दुधातून मिळतात, उरलेल्या २०० वरच्या अन्नातून यायला हव्यात. नऊ ते अकरा महिन्यांत ही तूट ३०० वर जाते आणि वर्षानंतर सुमारे ५५० वर. दूध मात्र थांबवायचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दोन वर्षे किंवा त्याहून पुढेही स्तनपान चालू ठेवण्याचा आहे.

सुरुवातीचा मुहूर्त उष्टावणाने होतो. मामाने चांदीच्या वाटीतली खीर चाटवायची, मुलाचे उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात, ही रीत महाराष्ट्रात इतरत्र आहे तशी इथेही आहे. पण ‘सहावा लागला’ की उष्टावण उरकले, तर बाळाचे पाचच महिने भरलेले असतात. सहा महिने भरून सातवा लागला की रोजचे अन्न सुरू करावे. मुलीचे उष्टावण पाचव्याऐवजी सातव्यात धरले तर रीत आणि वैद्यकीय सल्ला दोन्ही जुळतात. फार उशीर करणेही बरे नाही. दहाव्या महिन्यापर्यंत गुठळ्यांचे, चावायचे अन्न तोंडात आले नाही, तर पुढे मूल तसे अन्न नाकारत राहण्याचा संभव वाढतो.

वरणाचे पाणी, भाताची पेज, साबुदाण्याचे पाणी हे पहिल्या महिन्यांचे ठरलेले पदार्थ, आणि इथेच घोडे अडते. सात-आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी सुमारे २०० ते २४० मि.ली. मावते (दर किलो वजनाला ३० मि.ली. धरून). आईच्या १०० मि.ली. दुधात ६५ ते ७० किलोकॅलरी असतात. वरणावरच्या निवळीत त्याहून कितीतरी कमी. म्हणजे डाळीच्या पाण्याची वाटी पाजली की पोट भरते, दुधाची भूक मरते आणि डाळ मात्र पातेल्याच्या तळाशी राहते, ती घरातले मोठे खातात. ‘पचायला हलके’ या शब्दाने बाळांचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने केले असेल. ओळख सोपी आहे: चमचा तिरपा केला तर अन्न चमच्यावर ठरले पाहिजे, धारेने ओघळता कामा नये.

प्रमाणाचे म्हणाल तर सुरुवात दिवसातून दोनदा, दोन-तीन चमच्यांनी. आठव्या महिन्याअखेर दोन-तीन वेळा, दर वेळी अर्धा कप. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धा कप तीन-चार वेळा, वर्षानंतर पाऊण ते एक कप तितक्याच वेळा, आणि नवव्या महिन्यापासून भूक पाहून मधे एक-दोनदा काहीतरी हातात. हा कप २५० मि.ली.चा धरलेला आहे. घरातली आमटीची वाटी त्याहून बरीच लहान असते, म्हणून घरातल्या वाटीत किती पाणी मावते ते एकदा मोजून घ्यावे. बाळासाठी ताटली-वाटी वेगळी ठेवली की त्याने किती खाल्ले ते कळते. मोठ्यांच्या ताटातून चार घास भरवल्यावर तो अंदाज राहत नाही. आकडे मात्र सरासरीचे आहेत. तोंड फिरवणाऱ्या बाळाला धरून, नाक दाबून भरवणे चूक. थांबावे, बोलावे, थोड्या वेळाने पुन्हा द्यावे. नवी चव पहिल्या खेपेस थुंकली म्हणजे नावडली असे नाही, आठ-दहा वेळा समोर आल्यावर ती रुळते.

खानदेशी स्वयंपाक तिखट आणि तेलाचा, म्हणून बाळासाठी वेगळे शिजवावे लागते असा समज आहे. प्रत्यक्षात फोडणी आणि काळा मसाला पडण्याआधी बाळाचा वाटा बाजूला काढला की बहुतेक काम होते. तुरीच्या डाळीची खिचडी इथे रोजची. दोन भाग तांदूळ, एक भाग डाळ मऊ शिजवून, मिरची-लसणाच्या आधी दोन पळ्या काढून घोटाव्या आणि वर चमचाभर तूप किंवा शेंगदाण्याचे तेल सोडावे. पाच ग्रॅम तुपात ४५ किलोकॅलरी असतात आणि घासाचा आकार वाढत नाही, हा त्याचा खरा उपयोग. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे. पण बाळाच्या दृष्टीने कोणतीही तूर किंवा मूग चालते, डाळ घट्ट असली म्हणजे झाले.

कळण्याची भाकरी या मुलखाची खास ओळख. ज्वारीत सालासकट काळे उडीद मिसळून दळलेले हे पीठ आहे. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि ते उडदात भरपूर असते, त्यामुळे दोन्ही मिळून प्रथिनांचा दर्जा सुधारतो. हल्ली पाकिटांवर छापून येणारे मिश्रण इथल्या जात्याला फार आधीपासून ठाऊक होते. अडचण एकच: कळणा दळताना त्यात मीठ घालतात. बाळासाठी थोडा कळणा बिनमिठाचा वेगळा दळून आणावा, चाळावा, कोरडा भाजावा आणि तुपावर परतून घट्ट शिजवावा. तापीकाठची दादर ज्वारी असेल तर उत्तमच. आठव्या महिन्यानंतर तीच ताजी भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून देता येते. वरण-बट्टीच्या दिवशी बट्टी चुरून, बिनतिखट वरण आणि तूप घालून दिलेला घास दहा-अकरा महिन्यांची मुले आवडीने खातात. बिबड्यांच्या (ज्वारीच्या पापडांच्या) दिवसांत घाट्याचे, म्हणजे त्यासाठी शिजवलेल्या पिठाचे, बोट लहानग्याला चाटवण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्यात मीठ आणि पापडखार असतो, म्हणून वर्षाआतल्या बाळाला तो नकोच.

धान्याला मोड आणून, वाळवून, भाजून केलेले पीठ लापशीसाठी फार उपयोगी. मोड येताना तयार होणारी विकरे स्टार्च तोडतात, त्यामुळे जास्त पीठ घालूनही लापशी गिळण्याजोगी मऊ राहते. सातपुड्यातली नागली (नाचणी), गहू आणि मूग यांसाठी उत्तम. ज्वारीच्या बाबतीत मात्र काळजी हवी. तिच्या कोवळ्या कोंबांत आणि मुळांत सायनाइड सोडणारे धुरिन हे द्रव्य असते. ज्वारीचे मोड वापरायचेच तर वाळल्यावर कोंब-मुळे चोळून पाखडून टाकावी लागतात. त्यापेक्षा मोडासाठी नागली घ्यावी हे सरळ.

केळीबद्दल जळगावात बोलायचे म्हणजे जपून बोलायला हवे. केळे मऊ, स्वच्छ सालीत बंद, बारमाही आणि इथे स्वस्त. कुस्करले की घास तयार. पण १०० ग्रॅम केळ्यात प्रथिने जेमतेम एक ग्रॅम आणि लोह नावापुरते. दिवसातून दोनदा केळे आणि मधे दूध एवढ्यावर वाढलेले बाळ गुटगुटीत दिसते आणि रक्ताने कमी निघते. केळे मधल्या वेळेला ठेवावे, जेवणाच्या जागी आणू नये.

लोह हा खरोखरच कठीण भाग आहे. पूर्ण शिजवलेले अंडे, कलेजी, काटे काढलेली मासळी यांतून ते सहज शोषले जाते आणि भिल्ल, पावरा, कोळी घरांत यांना अडसर नाही. महानुभाव, जैन आणि अनेक वारकरी घरांत ती वाट बंद असते. तिथे डाळी, मोडाची मटकी, शेंगदाण्याचा आणि तिळाचा बारीक कूट, पोकळा (एक पालेभाजी) किंवा शेवग्याचा पाला यांवर भिस्त ठेवावी, आणि सोबत लिंबाचे चार थेंब किंवा पेरूचा गर द्यावा, कारण क जीवनसत्त्वाने या लोहाचे शोषण वाढते. चहा नेमके उलटे करतो. चहात बुडवलेली खारी किंवा बिस्किट हा सकाळचा सर्वांत वाईट घास. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा एक मि.ली. लोहाचे औषध (२० मि.ग्रॅ. लोह) सरकारी कार्यक्रमातून मिळते, ते नाकारू नये.

मध वर्षाआत मुळीच नको, त्यातून बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. गाईम्हशीचे दूध अन्नात थोडे चालते, पण वर्षाआत आईच्या दुधाची जागा त्याने घेऊ नये. मीठ वर्षापर्यंत आणि साखर-गूळ दोन वर्षांपर्यंत टाळलेले बरे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे घशात अडकतात, शेंगदाणा कुटूनच द्यावा. डबाबंद शिशुअन्नाची दोन वर्षांखालील बाळांसाठी जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने आणि २००३ च्या दुरुस्तीने बंदी आहे, तरी त्यांचे आकर्षण टिकून आहे. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा दिवसांत शिजवलेले अन्न दोन तासांत संपवावे, सकाळची खिचडी संध्याकाळी देऊ नये.

कापूस वेचणीच्या दिवसांत आई दिवसभर शेतात असते आणि बाळ आजीकडे किंवा थोरल्या बहिणीकडे. तेव्हा दिवसाच्या चार वेळांच्या दोन होतात, वाटी कितीही चांगली असली तरी. सकाळी निघण्यापूर्वी तूप घालून घट्ट लापशी, मागे बिनशिजवणीचे काही (भाजलेल्या पिठाचा बिनगुळाचा लाडू फोडून, दही, केळे) आणि परतल्यावर पुन्हा भरपेट, अशी बेगमी जमते. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरपाड्यांतून दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत एवढेही हाती राहत नाही, कारण अंगणवाडीचा घरपोच शिधा गावातच राहतो. सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकासाठी हा शिधा दिवसाला लागणाऱ्या ऊर्जा आणि प्रथिने यांच्या हिशेबाने ठरवलेला असतो. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी ॲपवर लाभार्थ्याची नोंद मुक्कामाच्या ठिकाणच्या अंगणवाडीत हलवता येते. त्यासाठी निघण्यापूर्वी सेविकेला सांगावे आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे. त्याच कार्डावरची वजनाची रेषा दोन महिने सपाट राहिली, किंवा जुलाब-तापातून उठलेले बाळ पुन्हा वजन धरेना, तर आजारानंतरचे दोन आठवडे रोज एक जेवण वाढवून द्यावे आणि बाळ आरोग्य केंद्रात दाखवावे.