धर्म सुटल्यावरचा देव : गोव्यातली पार्श्वभूमी

गोव्यात कुणी ‘बिलिव्हरांत गेला’, म्हणजे नव्या ख्रिस्ती प्रार्थनागटात गेला, म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. घरची चवथ (गणेशचतुर्थी) बंद, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीला हात लावायचा नाही, देवळातला प्रसाद घ्यायचा नाही. बाईच्या कपाळावरचे कुंकू गेले, गळ्यातले मंगळसूत्र गेले, तुळशीपुढे दिवा लागायचा थांबला. गेल्या काही दशकांत हिंदू घरांतून आणि कॅथलिक घरांतूनही माणसे या प्रार्थनागटांकडे वळली. त्याबद्दल मराठी वर्तमानपत्रांतून भरपूर लिहून आले आहे. ग्रामसभांत वाद झाले, धर्मांतराचे आरोप झाले, २०२२ साली बार्देशात एका पास्टरला अटकही झाली. त्याच गटांतून बाहेर पडलेल्यांविषयी मात्र एका वाक्यापुढे सहसा कुणी जात नाही : ‘तो परत आला.’

बाहेर पडलेले सगळेच परत येत नाहीत. काही जण मधेच थांबतात. आधी नियम सुटतात, मग गट सुटतो, मग बराच काळ ‘देव खरा, ती माणसे चुकली’ असे स्वतःला सांगणे चालते. आणि कधीतरी, बहुधा सगळे शांत झाल्यावर, देव तरी आहे का, हा प्रश्न येतो. घरच्यांना हा दुसरा टप्पा कळत नाही. त्यांच्या लेखी मुलगा चुकीच्या देवाकडे गेला होता, तिथून सुटला, म्हणजे आता आपल्या देवाकडे येणार. तो कुठल्याच देवाकडे निघालेला नाही, हे त्यांच्या हिशेबात बसत नाही.

ते बसत नाही याला कारण आहे. गोव्यातल्या हिंदू घरात ‘तुझा देवावर विश्वास आहे का’ असे सहसा कुणी विचारत नाही. विचारतात ते असे : चवथीला येणार ना? जत्रेला घरातून कोण जाईल? राखणदाराचे द्यायचे राहिले तर नाही ना? कौल घेतला का? मुंबईला नोकरी करणारा, देवधर्म अजिबात न मानणारा काका चवथीला आला, आरतीत टाळ वाजवून पातोळ्या खाऊन गेला, की घराला तेवढे पुरते. त्याच्या मनात काय आहे ते त्याचे त्याच्यापाशी. कॅथलिक वाड्यावरही जुन्या पिढीत फारसे वेगळे नव्हते. फेस्ताला (चर्चच्या सणाला) आला, लादाईनीच्या प्रार्थनेला उभा राहिला, म्हणजे तो आपला.

प्रार्थनागटाने या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा वेगळे काही विचारले. तू मनापासून स्वीकारलेस का? चारचौघांत उभे राहून साक्ष दे. पाण्यात बुडून बाप्तिस्मा घे आणि जुने सगळे सोड. विश्वास ही स्वतःच्या तोंडाने सांगायची आणि रोज तपासून पाहायची गोष्ट आहे, हे त्याला इथे शिकायला मिळाले. काही गटांत दुखणे बरे झाले नाही तर विश्वास कमी पडला, असेही सांगितले जाते. म्हणजे तपासणी अखंड चालू. ज्याने वर्षानुवर्षे स्वतःचा विश्वास असा चाचपून पाहिला, त्याला गट सोडल्यावर ती सवय सोडता येत नाही. म्हणून माझे मत असे आहे की देवाविषयीची ही शंका शहरातून किंवा बुद्धिवादी पुस्तकांतून आलेली नाही. विश्वासाची तपासणी करायला कडक धर्मानेच शिकवले आणि शंका तिच्यातूनच निघाली. असा माणूस चवथीला घरी आला तरी काकासारखा टाळ वाजवून मोकळा होऊ शकत नाही. त्याला तो आता खोटेपणा वाटतो. हे दुःख खरे आहे. घरच्यांनी त्याला हट्ट म्हणू नये.

मागे पाहिले तर गोव्यात धर्माचा हिशेब नेहमी आचारावर झाला. इन्क्विझिशनचे, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायासनाचे, साल-सनावळ सर्वांना पाठ आहे, ते इथे उगाळत नाही. त्याचा १७३६ सालचा जाहीरनामा तेवढा आठवावा. त्यात बाटलेल्या घरांनी दारात तुळस लावू नये, मिठाशिवाय भात शिजवू नये, अशा बारीकसारीक गोष्टींवर बंदी होती. माणसाच्या मनातला देव कुठला, हे त्याच्या अंगणावरून आणि चुलीवरून ओळखले जात होते. आज घरचे लोक ‘तुळशीला पाणी घालतोस का’ एवढ्यावरून मुलगा परतला की नाही हे ठरवतात, तेव्हा मोजमाप तेच असते, फक्त बाजू बदललेली असते.

साखवाळच्या एका सारस्वत तरुणाची, धर्मानंद कोसंबींची, आठवण इथे अपरिहार्य आहे. लहान मुलांच्या एका मराठी मासिकात त्याने बुद्धाविषयी वाचले आणि १८९९ साली घर सोडले. पुण्यात संस्कृत शिकून नेपाळमार्गे तो सिलोनला पोहोचला, १९०२ साली भिक्खू झाला, पुढे पाली भाषेचा मोठा पंडित म्हणून नावाजला. सृष्टिकर्त्या ईश्वराची गरज नसलेला धर्म त्याने निवडला होता. गोमंतकीय मराठी वाचक त्याचा अभिमान बाळगतात तो विद्वत्तेसाठी, घर सोडून केलेल्या वणवणीसाठी. त्याच्या वाटेवर ईश्वर नव्हता, याची चर्चा आपल्याकडे फारच थोडी झाली.

त्यानंतरची मोठी घटना १९२८ सालची. साताऱ्याकडच्या मसूरकर महाराजांच्या पुढाकाराने गावडा जमातीतल्या सात हजारांवर ख्रिस्ती माणसांची शुद्धी झाली, म्हणजे त्यांना हिंदू धर्मात परत घेतले गेले. ‘परत आला’ हे वाक्य खऱ्या अर्थाने तिथून रुळले. पण परत आलेल्यांना गावाने काय नाव दिले? नवहिंदू गावडे. शंभर वर्षे होत आली तरी त्यातला ‘नव’ गळून पडलेला नाही. हिंदू गावडे वेगळे, ख्रिस्ती गावडे वेगळे आणि हे वेगळे. जे पूर्ण परत आले त्यांचीही गत अशी, तर मधे थांबलेल्याला नाव कुठून मिळणार?

नाव म्हणून जे शब्द हाताशी आहेत ते सगळे गुंतलेले आहेत. ‘नास्तिक’ घ्या. मनुस्मृतीत वेदाची निंदा करणारा तो नास्तिक, अशी व्याख्या आहे. त्यात ईश्वराचा संबंधच नाही. म्हणून जगाचा निर्माता न मानणारे मीमांसक आस्तिकांच्या पंगतीत बसतात आणि बौद्ध, जैन बाहेर राहतात. या अर्थाने प्रार्थनागटात गेलेला माणूस आकंठ श्रद्धेत बुडालेला असतानाच नास्तिक ठरतो. बोलीत मात्र नास्तिक म्हणजे देव न मानणारा, आणि खेड्यात तर देवळात न जाणारा. ‘निधर्मी’ हा शब्द राजकारणाने इतका वापरला की त्यातून शिवीच जास्त ऐकू येते. ‘निरीश्वरवादी’ कुणी आईला सांगू शकत नाही. उलट्या बाजूने ‘बिलिव्हर’. त्याचा अर्थ विश्वास ठेवणारा, पण आपण तो एका पंथाचे नाव करून टाकला. मग ‘मी आता बिलिव्हर नाही’ या वाक्यातून पंथ सुटला की विश्वास, ते ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि कित्येकदा बोलणाऱ्यालाही तेव्हा कळलेले नसते. त्यात दुकानात सुटे पैसे हातावर पडले की आपण सगळे ‘देव बरें करूं’ म्हणतो. देव सोडलेला माणूसही म्हणतो, कारण कोंकणीत आभार मानायला तेच तोंडात बसलेले आहे.

या गुंत्यातच २०१४ सालचा मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय येतो. या न्यायालयाचे खंडपीठ गोव्यात आहे, त्यामुळे निर्णय आपल्यालाही लागू. तिघा अर्जदारांनी महाराष्ट्र शासनाच्या मुद्रणालयाकडे अर्ज केला होता. आम्ही येशू ख्रिस्ताला मानतो, पण ख्रिस्ती धर्म मानत नाही, कुठलाच धर्म मानत नाही, तर राजपत्रात आमच्या नावापुढे ‘धर्म नाही’ अशी नोंद करा, असे त्यांचे म्हणणे होते. मुद्रणालयाने अर्ज फेटाळला. प्रकरण न्यायालयात गेल्यावर राज्य आणि केंद्र दोघांनीही विरोध केला. ‘धर्म नाही’ हा धर्माचा प्रकार कसा धरायचा, हा त्यांचा मुद्दा. न्यायालयाने सप्टेंबरमध्ये अर्जदारांच्या बाजूने निकाल दिला. घटनेच्या २५व्या कलमात सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य आहे. त्यात धर्म पाळण्याचा हक्क आहे तसा कुठलाच धर्म नसण्याचाही आहे, धर्म सोडून ‘मी कुठल्याच धर्माचा नाही’ म्हणता येते, आणि धर्म सांगण्याची सक्ती सरकार कुणावर करू शकत नाही.

मराठी बुद्धिवादी वर्तुळांत हा निकाल नास्तिकांचा विजय म्हणून सांगितला जातो. ते वाचन मला चुकीचे वाटते. अर्जदार देव मानणारेच होते, त्यांनी सोडला होता तो धर्म. दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात की पंथाच्या माणसांनी कायद्याची पळवाट शोधली. तेही खरे नाही, कारण न्यायालयाने त्यांच्या श्रद्धेला प्रमाणपत्र दिलेले नाही. त्याने त्यांच्या विवेकाला हात लावायचे नाकारले, एवढेच. याच कलमातला हाच शब्द १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात केरळच्या तीन मुलांच्या कामी आला होता. ती एका अतिशय कडक पंथातली होती. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत, म्हणून शाळेने काढून टाकले होते. न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. म्हणजे ज्या शब्दाने कडक पंथातल्या मुलांना सांभाळले, त्याच शब्दाने पुढे धर्म सोडणाऱ्यांना सांभाळले. गोव्यात पंथात जाणाऱ्यांवर आवाज उठवणारे आणि पंथातून बाहेर पडलेल्यांना आसरा देऊ पाहणारे बहुधा तेच लोक असतात, म्हणून हे नीट लक्षात घ्यावे. एकाचे स्वातंत्र्य काढून दुसऱ्याचे राखता येणार नाही.

निकालावर एक आक्षेप मात्र वजनदार आहे. ‘धर्म नाही’ म्हणणाऱ्याला लग्नाचा आणि वारशाचा कायदा कुठला? उरलेल्या बहुतेक भारतात हिंदू विवाह कायदा मुसलमान, ख्रिस्ती, पारशी आणि ज्यू सोडून जवळपास सर्वांना लागू होतो. त्यामुळे सगळे धर्म नाकारणारा माणूस कायद्याच्या नजरेत फिरून हिंदूच ठरण्याची शक्यता असते.

गोव्यात हा पेच तितका बसत नाही, याचे श्रेय पोर्तुगीज प्रजासत्ताकाला द्यावे लागेल. १९१० साली राजेशाही जाताच त्याच वर्षी लग्न हा दिवाणी करार ठरला आणि घटस्फोटाचा कायदा आला. आजही इथे ‘सह्या झाल्या’ म्हटले की लग्न ठरल्याचे समजतात. नोंदणी कार्यालयातल्या दोन सह्यांना भटजी लागत नाही, पाद्रीही लागत नाही. वारशाची तरतूद याहून मोलाची. आईबापांना आपल्या मालमत्तेपैकी अर्धाच भाग मर्जीने देता येतो. उरलेला अर्धा मुलांच्या हक्काचा असतो, आणि तो काढून घ्यायची कारणे कायद्यानेच मोजून दिलेली आहेत. धर्म सोडणे हे त्यात नाही. शेजारच्या सिंधुदुर्गात बाप मृत्युपत्र करून स्वकष्टार्जित सगळे दुसऱ्याला देऊ शकतो. इथल्या रागावलेल्या बापाला तसे करता येत नाही. धर्म किंवा देव सोडणाऱ्या गोमंतकीय मुलामुलींना हा आधार किती मोठा आहे, याची जाणीव त्यांना स्वतःलाही अनेकदा नसते.

तरी हे चित्र निर्मळ नव्हते. चर्चशी करार झाल्यावर १९४६ च्या हुकुमाने चर्चमधल्या लग्नाला दिवाणी मान्यता दिली आणि त्याबरोबर तसे लग्न करणाऱ्यांचा घटस्फोटाचा हक्क काढून घेतला. लग्न मोडायचे तर धार्मिक न्यायासनापुढे ते मुळातच झाले नव्हते असे सिद्ध करायचे. चर्च सोडलेल्या माणसालाही त्यासाठी चर्चच्याच दारात उभे राहावे लागे. १९१० साली दिलेला मोकळेपणा छत्तीस वर्षांत असा अर्धा परत घेतला गेला, आणि मुक्तीनंतर तो हुकूम इतर पोर्तुगीज कायद्यांबरोबर तसाच चालू राहिला.

जनगणनेने या माणसांना अजून नीट मोजलेले नाही. २०११ साली साऱ्या देशात स्वतःला नास्तिक म्हणवून घेणारे सुमारे ३३ हजार भरले, तर धर्म न सांगितलेले २८ लाखांवर होते. हे २८ लाख सगळे शंका घेणारे नव्हेत, रकाना रिकामा राहण्याची कारणे पुष्कळ असतात. मधे थांबलेला माणूस यातल्या कुठल्या आकड्यात गेला ते सांगता येत नाही. बहुतेक घरांत कुटुंबप्रमुखाने सांगितले तेच लिहिले जाते, त्यामुळे तो ‘हिंदू’ किंवा ‘ख्रिस्ती’ या आकड्यातही असेल.

जिवंतपणी सह्यांनी आणि वारसा कायद्याने भागते. अडते ते मरणानंतर. पॅरिशची दफनभूमी कॅथलिकांची, गावोगावच्या स्मशानभूमी बऱ्याच ठिकाणी समाजासमाजांच्या, आणि प्रार्थनागटातल्यांच्या दफनावरून गावांत तंटे झालेले आहेत. गट सोडलेल्याला तर त्यांचीही जागा नाही. म्हणून काही जण बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देहदान करायचे ठरवतात. अर्ज भरून ठेवता येतो, पण मृत्यूनंतर कळवायचे काम घरच्यांनाच करावे लागते. त्यांनी नकार दिला की अर्ज कपाटातच राहतो. चवथीला येणार ना, असे ज्यांनी वर्षानुवर्षे विचारले त्याच माणसांच्या हातात हा शेवटचा निर्णय असतो, आणि बहुतेक घरांत त्याबद्दलचे बोलणे अजून सुरूच झालेले नाही.