पुढचा व्यवस्थापक कोण? चाहत्यांच्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

फुटबॉल क्लबचा व्यवस्थापक, म्हणजे संघ निवडणारा आणि डावपेच ठरवणारा प्रमुख, गेला, किंवा जाणार अशी नुसती कुणकुण लागली, की चाहत्यांमध्ये नावे फिरू लागतात. कोणी क्लबच्या जुन्या नायकाला परत बोलवा म्हणतो, कोणी सहायकालाच बढती द्यावी म्हणतो, तर कोणी परदेशात गाजत असलेल्या एखाद्या तरुण प्रशिक्षकाचा आग्रह धरतो. वाद बघता बघता नावांवरून इतिहासावर जातो, कारण प्रत्येक बाजूकडे पुराव्यादाखल पूर्वीची एखादी नेमणूक तयार असते. निर्णय अर्थातच मालक आणि संचालक घेतात. तरीही चाहत्यांचा शब्द पूर्वीइतका निष्प्रभ राहिलेला नाही. मात्र ‘हा हवा’ म्हणणाऱ्या आवाजापेक्षा ‘हा नको’ म्हणणाऱ्या आवाजाला अधिक वजन आले आहे. असे का झाले, हे इंग्लंडमधील क्लबांच्या इतिहासात सर्वांत स्पष्ट दिसते.

मुळात हा वाद सुरू होण्यासाठी आधी व्यवस्थापक नावाचे पद असावे लागते, आणि इंग्लंडमध्ये १८८८ साली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा आजच्या अर्थाने ते नव्हते. संघ निवडण्याचे काम संचालकांची समिती करी आणि पत्रव्यवहार, हिशेब, खेळाडूंचे करार हे सचिव पाही. ॲस्टन व्हिलाचे जॉर्ज रॅमसे १८८४ पासून १९२६ पर्यंत सचिव होते. त्या काळात क्लबने सहा वेळा लीग आणि सहा वेळा एफए चषक (इंग्लंडमधील बाद पद्धतीची स्पर्धा) जिंकला. आजच्या मोजमापाने ते महान व्यवस्थापक ठरले असते, पण त्यांच्या पदाचे नाव सचिव हेच राहिले. संघ हरला तर चाहते संचालकांच्या नावाने बोटे मोडत, आणि ‘पुढचा कोण’ हा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नव्हता, कारण जाणारा असा एकच माणूस नसे.

हे चित्र बदलण्याचे श्रेय बहुतेक वेळा हर्बर्ट चॅपमन यांना दिले जाते, आणि ते योग्यही आहे. हडर्सफील्ड टाउनला १९२४ आणि १९२५ अशी सलग दोन लीग जेतेपदे मिळवून देऊन ते आर्सेनलकडे आले. आर्सेनलने १९२५ मध्ये या पदासाठी वर्तमानपत्रात चक्क जाहिरात दिली होती. खेळाडूंवर भरमसाट पैसे ओतूनच संघ उभा करू शकणाऱ्यांनी अर्ज करू नये, अशा आशयाची अट तिच्यात होती. गंमत अशी की ज्या माणसाला ही जागा मिळाली, त्याच्याच कारकिर्दीत १९२८ साली क्लबने डेव्हिड जॅक या खेळाडूसाठी १०,८९० पौंड मोजले आणि तो त्या काळचा उच्चांक ठरला. चॅपमन यांनी संघनिवड, डावपेच, खेळाडूंची खरेदी असे सगळे आपल्या हाती घेतले. मैदानाजवळच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकाला १९३२ साली आर्सेनलचे नाव मिळाले, त्यामागेही त्यांचाच पाठपुरावा होता. १९३१ आणि १९३३ ची लीग जेतेपदे त्यांच्या काळातली. जानेवारी १९३४ मध्ये त्यांचे पदावर असतानाच निधन झाले, तोवर क्लब म्हणजे व्यवस्थापक हे समीकरण लोकांच्या मनात रुजू लागले होते.

तरीही ही पद्धत सर्वत्र पोहोचायला आणखी तीस वर्षे गेली. मॅट बस्बी यांनी १९४५ मध्ये मँचेस्टर युनायटेडची सूत्रे स्वीकारली ती संघावर आपलाच ताबा राहील या अटीवर. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाची निवड मात्र १९६२ पर्यंत समितीच करत होती. ॲल्फ रॅमसे यांनी संघ आपणच निवडणार हे मान्य करून घेतले आणि पुढे १९६६ चा विश्वचषक जिंकला. त्यानंतर समितीची बाजू घेणारे फारसे कोणी उरले नाही.

सगळी सत्ता एका माणसाच्या हाती आली, आणि तो माणूस गेल्यावर काय हा प्रश्न तिच्यासोबतच आला. आजच्या वादांत ज्या दोन उदाहरणांचा आधार पुन्हा पुन्हा घेतला जातो, ती दोन्ही याच काळातली आहेत. बस्बी १९६९ मध्ये बाजूला झाले, पण क्लबमध्येच राहिले. त्यांच्या जागी आलेले विल्फ मॅकगिनेस तेव्हा अवघे ३१ वर्षांचे होते आणि कालपर्यंतचे त्यांचे सहकारी आता त्यांच्या हाताखाली खेळणार होते. डिसेंबर १९७० मध्ये त्यांना हटवून बस्बींना हंगामी परत यावे लागले. मग फ्रँक ओफॅरेल आले आणि दीड वर्षात गेले. त्यांच्यानंतरच्या टॉमी डॉकर्टी यांच्या काळात, १९७४ साली, युरोपियन चषक (युरोपातील विजेत्या क्लबांची स्पर्धा) जिंकून जेमतेम सहा वर्षे झालेला हा क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला.

त्याच वर्षी जुलैमध्ये लिव्हरपूलच्या बिल शँक्ली यांनी अचानक निवृत्ती जाहीर केली. चाहत्यांना बातमी खरी वाटेना. क्लबने बाहेर शोध न घेता शँक्लींचे सहायक बॉब पेस्ली यांना पुढे केले. पेस्ली १९३९ पासून क्लबमध्ये होते आणि स्वतः या पदासाठी फारसे उत्सुक नव्हते. त्यांनी नऊ वर्षांत सहा लीग जेतेपदे आणि तीन युरोपियन चषक जिंकले. त्यांच्यानंतर आलेले जो फेगन हेही घरचेच, आणि १९८४ मध्ये त्यांनी एकाच हंगामात लीग, लीग चषक आणि युरोपियन चषक मिळवला. घरातल्याच माणसाला बढती द्यावी असे म्हणणारा चाहता आजही पेस्लींचे नाव घेतो, आणि त्याला विरोध करणारा मॅकगिनेस यांचे. दोघेही बरोबर असतात, म्हणूनच हा वाद मिटत नाही. मला वाटते, फरक माणसांइतकाच परिस्थितीतही होता. शँक्ली गेले ते चालू स्थितीतला संघ मागे ठेवून, तर बस्बींच्या संघाचा कणा म्हातारा झाला होता. चाहत्यांच्या चर्चेत मात्र संघाच्या वयापेक्षा उमेदवाराच्या नावालाच महत्त्व मिळते.

चाहत्यांच्या संघटित आवाजाचे पहिले ठळक उदाहरण डर्बी काउंटीचे मानावे लागेल. ब्रायन क्लफ यांनी या क्लबला दुसऱ्या श्रेणीतून वर काढून १९७२ मध्ये लीगविजेते केले होते. दूरचित्रवाणीवरच्या त्यांच्या फटकळ बोलण्यामुळे ते घराघरांत पोहोचले होते आणि त्यावरूनच क्लबच्या अध्यक्षांशी त्यांचे बिनसले. ऑक्टोबर १९७३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, आणि त्यांना परत आणा म्हणून चाहते रस्त्यावर उतरले. खेळाडूही त्यांच्या बाजूने उभे राहिले. संचालकांनी माघार घेतली नाही आणि क्लबचे माजी कर्णधार डेव्ह मकाय यांना आणले. मकाय यांचे स्वागत थंडच झाले, पण १९७५ मध्ये डर्बी पुन्हा लीगविजेता झाला. इकडे क्लफ १९७४ मध्ये लीड्स युनायटेडमध्ये गेले आणि ४४ दिवसांत बाहेर पडले. मग नॉटिंगहॅम फॉरेस्टला त्यांनी १९७९ आणि १९८० असे सलग दोन युरोपियन चषक जिंकून दिले. चाहत्यांनी क्लफ यांची पारख चुकवली नव्हती, आणि तरीही संचालकांचा निर्णय फसला नाही.

चाहत्यांच्या घाईचे उदाहरण म्हणून ॲलेक्स फर्ग्युसन यांचे नाव नेहमी पुढे येते. नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडकडे आलेल्या फर्ग्युसन यांना तीन वर्षांत काहीच जिंकता आले नव्हते, आणि १९८९ च्या डिसेंबरमध्ये घरच्याच मैदानावर त्यांना निरोप देणारा फलक झळकला. त्या हंगामात युनायटेड लीगमध्ये तेराव्या स्थानावर राहिला, पण एफए चषक जिंकला. पुढे १९९३ पासून २०१३ पर्यंत तेरा लीग जेतेपदे आली. तेव्हापासून कोणत्याही अडचणीतल्या व्यवस्थापकाचा पाठीराखा ‘फर्ग्युसनलाही वेळ द्यावा लागला होता’ असे म्हणतो. हा युक्तिवाद मला नेहमीच थोडा लबाड वाटत आला आहे, कारण वेळ देऊनही काही न घडलेल्या व्यवस्थापकांची नावे कोणी लक्षात ठेवत नाही. नेदरलँड्सचे अर्थतज्ज्ञ बास टेर वेल यांनी तिथल्या लीगमधील १९८६ ते २००४ या काळाचा अभ्यास करून दाखवले, की खराब कामगिरीनंतर व्यवस्थापक बदलणारे क्लब जसे सावरतात, तसेच न बदलणारेही सावरतात. हा निष्कर्ष दोन्ही बाजूंच्या उत्साहावर पाणी टाकणारा असल्याने वादात क्वचितच ऐकू येतो.

चाहत्यांचा आवाज स्टेडियमबाहेर सतत ऐकू येऊ लागला तो ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात. १९८५ मध्ये चाहत्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, चाहत्यांनीच लिहिलेली आणि छापलेली नियतकालिके मैदानाबाहेर विकली जाऊ लागली, आणि १९९१ पासून बीबीसी रेडिओवर फोनवरून मते मांडण्याचा कार्यक्रम सुरू झाला. १९९२ मध्ये प्रीमियर लीग आली. पैसा, दूरचित्रवाणी आणि अधीरता तिन्ही वाढत गेली, आणि पुढचा व्यवस्थापक कोण यावर सट्टेबाजांचे भाव निघणे नित्याचे झाले.

उमेदवारांचे वर्तुळही याच काळात रुंदावले. ब्रिटन आणि आयर्लंडबाहेर जन्मलेला पहिला व्यवस्थापक इंग्लंडच्या अव्वल श्रेणीत आला तो १९९० मध्ये, ॲस्टन व्हिलाचे जोसेफ वेंग्लोश यांच्या रूपाने. ते एका हंगामातच परतले. म्हणून १९९६ मध्ये आर्सेनलने जपानमधील क्लब सांभाळणाऱ्या आर्सेन वेंगर यांना आणले, तेव्हा ‘हे कोण?’ असा सूर वृत्तपत्रांतही उमटला. १९९८ मध्ये त्यांनी लीग आणि एफए चषक दोन्ही जिंकले, आणि ‘अनोळखी परदेशी’ हा उमेदवारांचा एक मान्यताप्राप्त प्रकार होऊन बसला. मार्च २०१७ मध्ये याच वेंगर यांच्यावरून आर्सेनलचे चाहते इतके दुभंगले होते, की वेस्ट ब्रॉमविचच्या मैदानावर सामना चालू असताना एका विमानामागे त्यांनी जावे असा फलक होता आणि दुसऱ्यामागे त्यांच्यावर विश्वास व्यक्त करणारा.

जुन्या नायकांच्या पुनरागमनाचा इतिहास संमिश्र आहे. लिव्हरपूलमध्ये २०१० साली आलेले रॉय हॉजसन नुकतेच वर्षातील सर्वोत्तम व्यवस्थापक ठरले होते, पण सामन्यांदरम्यान चाहते केनी डलग्लिश यांच्या नावाचा गजर करत राहिले. जानेवारी २०११ मध्ये डलग्लिश आले, २०१२ मध्ये लीग चषक आला, आणि लीगमधील आठव्या स्थानानंतर त्यांनाही जावे लागले. न्यूकॅसलने एप्रिल २००९ मध्ये आपला विक्रमवीर ॲलन शिअरर याला शेवटच्या आठ सामन्यांसाठी बोलावले. त्यांतून पाच गुण मिळाले आणि क्लब खालच्या श्रेणीत गेला. शिअररवरचे प्रेम मात्र कमी झाले नाही, दोष मालकाच्या पदरी पडला.

नकाराची ताकद त्याहून स्पष्ट दिसते. राफा बेनिटेझ हे लिव्हरपूलशी जोडलेले नाव. नोव्हेंबर २०१२ मध्ये चेल्सीने त्यांना हंगामी म्हणून आणले तेव्हा क्लबच्या चाहत्यांनी पहिल्या सामन्यापासून हुर्यो उडवली. त्यांनी युरोपा लीग जिंकली तरी मने वळली नाहीत. २०२१ मध्ये ते लिव्हरपूलच्या शेजारच्या, म्हणजेच कट्टर प्रतिस्पर्धी एव्हर्टनकडे गेले आणि सात महिन्यांत हटवले गेले. त्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये विटोर परेरा यांचे नाव पुढे येताच एव्हर्टनच्या तेव्हाच्या मैदानाच्या, गुडिसन पार्कच्या, भिंतीवर ते नकोत, लॅम्पार्ड हवेत असे रंगवले गेले, आणि नेमणूक फ्रँक लॅम्पार्ड यांचीच झाली. ते वर्षभर टिकले. त्याआधी जून २०२१ मध्ये टॉटनहॅमची जेनारो गट्टूसो यांच्याशी चाललेली बोलणी चाहत्यांनी त्यांची जुनी वक्तव्ये बाहेर काढून समाजमाध्यमांवर उठवलेल्या विरोधानंतर थांबली. मग आलेले नुनो एस्पिरितो सांतो चार महिन्यांत गेले. म्हणजे दार बंद करणे जमले, पण आत कोण येणार हे ठरवणे जमले नाही.

चाहत्यांना प्रत्यक्ष मत असते तर काय झाले असते, याची झलक स्पेनमध्ये मिळते. बार्सिलोना आणि रिअल माद्रिद हे सभासदांच्या मालकीचे क्लब आहेत. सभासद अध्यक्ष निवडतात, व्यवस्थापक नव्हे, पण निवडणुकीत उमेदवार मोठी नावे पुढे करतात. बार्सिलोनाच्या २०२१ च्या निवडणुकीत व्हिक्टर फॉन्ट यांनी आपल्या योजनेच्या केंद्रस्थानी क्लबचे माजी खेळाडू चावी यांना ठेवले होते. ते हरले, जोआन लापोर्ता जिंकले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लापोर्तांनीच चावींना आणले. इंग्लंडमध्ये एब्सफ्लीट युनायटेड हा लहान क्लब २००८ मध्ये इंटरनेटवरून वर्गणी भरलेल्या हजारो सभासदांनी विकत घेतला, संघनिवडीवरही मतदान करण्याची कल्पना घेऊन. संघ निवडण्याचे काम शेवटी व्यवस्थापक लियम डेश यांच्याकडेच राहिले.

अलीकडे मात्र या पदाचा आकारच बदलला आहे. जानेवारी २०२४ मध्ये युर्गेन क्लॉप यांनी लिव्हरपूल सोडण्याचे जाहीर केले, तेव्हा बहुसंख्य चाहत्यांच्या ओठी शाबी अलोन्सो यांचे नाव होते: क्लबचे माजी खेळाडू, जर्मनीतील लेव्हरकुसेन क्लबमधील ताजे यश, म्हणजे जुना नायक आणि नवा प्रशिक्षक एकाच माणसात. मार्चमध्ये अलोन्सो यांनी लेव्हरकुसेनमध्येच राहणार असे सांगितले. नेदरलँड्समधील फायेनोर्द क्लबचे अर्ने स्लॉट आले आणि पहिल्याच हंगामात, चार सामने शिल्लक असताना, त्यांनी लीग जिंकली. क्लॉप ‘मॅनेजर’ होते. स्लॉट यांच्या करारावर ‘हेड कोच’, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, असे लिहिले होते, आणि त्यांना निवडणारे क्रीडा संचालक रिचर्ड ह्यूज त्यांच्याही आधी नेमले गेले होते. त्याच वर्षी मँचेस्टर युनायटेडने रुबेन अमोरिम यांना आणले तेही ‘हेड कोच’ म्हणूनच. खेळाडूंची खरेदी, माहितीचे विश्लेषण आणि दीर्घ पल्ल्याची आखणी पुन्हा एका समितीकडे जात आहे, आणि चाहत्यांच्या वादात आता क्रीडा संचालकपदाच्या उमेदवारांचीही नावे घेतली जाऊ लागली आहेत.